सुगरणीचा मांडव आणि वाळूतले रोपटे

समुद्राच्या काठी, शिंदीच्या एका झाडावर एक सुगरण राहत असे. तिच्या खोप्यासमोर वाळूची टेकडी होती आणि टेकडीच्या उतारावर जाड, रसाळ पानांचे एक बुटके रोपटे. त्याला चांदणीसारखी जांभळी फुले येत. मुलांनो, साऱ्या किनाऱ्यावर तसले रोपटे ते एकच उरले होते. ते गेले असते, तर त्याचे बीही गेले असते. सुगरणीचा त्याच्यावर फार जीव. वारा सुटला की लाटांचे तुषार त्याच्यावर उडत आणि इकडे हिचा जीव खालीवर होई. "बिचारे! रोज मिठात न्हाते," असे म्हणून तिने गवताच्या काड्या आणल्या आणि सारी कला पणाला लावून रोपट्याभोवती सुरेख मांडव विणला. शिवाय जवळच्या वाडीतल्या पाटाचे गोडे पाणी चोचीने आणून ती त्याला घालू लागली.

शेजारच्या बिळातून खेकड्याने डोळे वर काढले. "सुगरणबाई, मांडव कसला? लग्न आहे की काय कोणाचे?"

"हसा, हसा! पोराला आजवर कोणी सावली तरी दिली होती का?"

"अहो, मासा थंडीने काकडेल म्हणून त्याला पाण्यातून काढून गोधडीत गुंडाळाल का? हे पोर मिठावरच वाढलेले आहे."

"बीळ उकरणाऱ्याने मला घर शिकवू नये!" सुगरण फणकारली.

पण पाने पिवळी पडू लागली. सुगरणीने आणखी पाणी घातले, वीण आणखी घट्ट केली. एका सकाळी पाहते तो कळ्यांनी माना टाकलेल्या. खेकड्याचा तो मासा आणि ती गोधडी आठवून ती मांडवावर जाऊन बसली. वाऱ्याने खोपा तुटला तर सुगरण नवा विणील; पण स्वतः विणलेले स्वतः उसवणे तिच्या अगदी जिवावर येते. तरी तिने एक काडी ओढली. मग दुसरी. भरती चढत होती.

"एक बाजू तरी राहू द्या, आठवण म्हणून," खेकडा म्हणाला.

"चेष्टा पुरे! ती खालची गाठ तोडा तुमच्या नांगीने. मीच बांधली, आणि मलाच सुटेना!"

खेकड्याने नांगी चालवली. मांडव कोसळला आणि लाटेचा खारा फवारा तिघांच्याही अंगावर उडाला. सुगरणीने डोळे गच्च मिटून घेतले.

हळूहळू पाने पुन्हा टपोरी झाली. नव्या कळ्या आल्या, उमलल्या, मधमाश्यांची झुंबड उडाली. आनंदाने नाचता नाचता सुगरणीने एका पानाला चोच लावून पाहिली. "थू थू! काय हे खारट!" ती ओरडली आणि खदखदून हसत रोपट्याला म्हणाली, "खा रे बाबा, तुला आवडते ना? पोटभर खा!"

तात्पर्य : ज्याच्यावर माया करायची, त्याला काय मानवते ते आधी पाहावे; आपल्याला गोड लागते ते सगळ्यांनाच गोड लागत नाही.