कॅरिग तळ्यावरची वाकडी वाट

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर, डोंगरांच्या बेचक्यात कॅरिग नावाचं एक तळं आहे. हिवाळ्यात ते गोठलं की काठावरचे लोक त्याच्यावर वाट मांडतात. म्हणजे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या तोडून आणतात आणि बर्फात उभ्या रोवतात. पलीकडच्या चर्चला किंवा दुकानाला पायी जायचं तर या फांद्यांच्या कडेकडेनंच. टेकडीवरून पाहिलं तर ही वाट विचित्र दिसते. निघते नीट, मग उजवीकडे कलते, थोडी मागे येते, मधल्या एका मोकळ्या जागेला लांबून वळसा घालते आणि पलीकडे लागते ती भलत्याच ठिकाणी. चर्चचा मनोरा तर समोर सरळ दिसत असतो. मासे धरायला येणारे पाहुणे हसतात आणि विचारतात, वाट मांडणारा प्यायला होता का?

मग हेक्टर मॅकफी चहाचा मग खाली ठेवतात. गावात मॅकफी पुष्कळ, म्हणून यांना सगळे वडिलांच्या नावावरून रोरीचा हेक्टर म्हणतात. या तळ्याकाठी आमच्या आधीही इथली मूळची माणसं होती, त्यांच्या गोष्टी त्यांनीच सांगायच्या, एवढं म्हणून ते आपल्या पूर्वजांपासून सुरुवात करतात.

स्कॉटलंडहून जहाजानं आलेल्या लोकांनी उत्तर काठावर घरं बांधली. गिरणी, चर्च आणि सुईण दक्षिण काठावर. उन्हाळ्यात होड्या चालत, हिवाळ्यात बर्फावरून जावं लागे. तेव्हा वाट मांडायचा मान गावातल्या सगळ्यांत धीट तरुणाचा असे. तो मनोऱ्यावर नजर ठेवून नाकासमोर फांद्या रोवत जाई. वाट जितकी सरळ, तितकं त्याचं नाव मोठं.

मर्डो असाच एक. त्याची बहीण पेगी मात्र गावात सगळ्यांत भित्री. कोंबडी फडफडली तरी तिच्या हातची बादली सुटायची. लोक मुद्दाम तिच्या मागे जाऊन डबे वाजवायचे, तिचं दचकणं बघायचे आणि पोट धरून हसायचे.

एका हिवाळ्यात मर्डो फांद्यांचा भारा घेऊन निघाला, तेव्हा पेगी काठावर उभी होती.

"मर्डो, आज बर्फाचा आवाज वेगळा येतोय."

"पेगे, किटलीचं झाकण वाजलं तरी तुला धडकी भरते," तो म्हणाला, आणि गेला.

तिनं एकदाच सांगितलं, तेही हळू आवाजात. पुढे सगळा जन्म तिला ते टोचत राहिलं, असं सांगतात. तळ्याच्या मध्यापर्यंत फांद्यांची रांग दोरी धरून आखावी तशी सरळ होती. त्यापुढे काळं पाणी.

त्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरला, पण त्यावर पाय ठेवायला कुणी धजेना. आणि मर्डोची बायको फ्लोरा भरल्या दिवसांची होती. तिला कळा सुरू झाल्या त्या दिवशी मूल आडवं असल्याचं बायकांच्या लक्षात आलं. सुईण पलीकडच्या काठावर. इकडे धीट म्हणवणारे सगळे किनाऱ्यावर जमले आणि आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले.

तेव्हा पेगीनं गोठ्यातली लोखंडी टोकाची काठी उचलली. तिचे हात इतके कापत होते, की काठीचं टोक बर्फावर आपोआप टकटक वाजत होतं. त्या आवाजालाही ती दचकत होती म्हणे.

ती चालली कमी, रांगली जास्त. बर्फाला कान लावायची, काही करकरलं की मागे सरकायची, दुसरीकडून पुढे जायची. जिथे धीर वाटेल तिथेच फांदी रोवायची.

"ही वाट मांडतेय की बर्फाला टाके घालतेय?" किनाऱ्यावरून कुणीतरी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही. घरातून फ्लोराचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि पेगीलाही ते बर्फावर ऐकू येत असणार. तरी तिनं घाई केली नाही. घाई करायचीही तिला भीती वाटत होती.

अखेर ती पलीकडे पोहोचली. सुईण जाडजूड आणि तोंडाची फटकळ. बर्फावर उतरताना ती म्हणाली, "मी बुडाले तर तुझ्या वहिनीला सोडवणार कोण, याचा विचार करून पाय टाक गं बाई."

"मी त्याचाच विचार करतेय," पेगी म्हणाली.

त्या वाकड्या वाटेनं दोघी पोहोचल्या. फ्लोरा सुटली, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिलं, तर पेगीनं जिथे लांबचा वळसा घेतला होता तिथला बर्फ खचून पाणी वर आलं होतं. खाली झरा आहे, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दर हिवाळ्याला वाट पेगीच मांडू लागली. डबे वाजवणारे तिला वाट देऊन बाजूला उभे राहू लागले. आणि मग एका वर्षी, हेक्टर इथे नेहमी आवाज उतरवतात, ती अर्ध्या तळ्यावर गेली असताना तिनं मागे वळून पाहिलं. फांद्या सरळ रांगेत होत्या. आपण कान लावला नाही, थांबलो नाही, छातीत धडधडलंसुद्धा नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तेव्हा ती जी घाबरली, तशी आधी कधीच घाबरली नव्हती. एकेक फांदी उपटत ती परत आली आणि काठी किनाऱ्यावर ठेवली.

"यंदा मला भीती वाटली नाही," ती म्हणाली. "दुसरं कुणी बघा."

लोक चिडले. गिरणीत धान्य अडकलंय, एवढी वर्षं तूच मांडतेस, आता हे काय खूळ? पेगी ऐकेना. शेवटी काठी एनियस मास्तरांच्या हातात दिली. हे मास्तर कुत्र्याला भिऊन शाळेत मागच्या दारानं शिरायचे. ते रडकुंडीला येऊन निघाले, आणि पेगीची सरळ रांग जिथवर गेली होती त्याच्या कितीतरी अलीकडे थबकून आडवे वळले. त्याच दुपारी ती पुढची जागा मोठा आवाज करून फुटली.

आता तळ्याला वळसा घालून डांबरी रस्ता आहे. तरी थंडी पडू लागली की गाव हॉलमध्ये जमतं. गेल्या वर्षी वाट मांडणारा उभा राहून सांगतो, भीती वाटते की नाही. तिथे खोटं बोलत नाहीत. वाटत नसेल तर भिंतीवर टांगलेली पेगीची काठी दुसऱ्याकडे जाते. आणि कुणाच्या मागे जाऊन त्याला दचकवणं हा या गावात थट्टेचा विषय नाही.

मी इथल्या वाचनालयात कामाला लागले त्याला वर्षही झालेलं नाही. यंदाच्या सभेत गेल्या वर्षी वाट मांडलेला टॉम नावाचा मच्छीमार उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मला आता बर्फावर झोप येईल." नेमका तेव्हाच स्वयंपाकघरात ट्रे पडला. मी खुर्चीवरून उडाले, मगमधला चहा माझ्याच अंगावर सांडला. कुणी हसलं नाही. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघत राहिला, मग भिंतीवरच्या काठीकडे.

"मला बर्फावर धड चालता येत नाही," मी हेक्टरना म्हणाले. "माझ्यामुळे कुणी बुडालं तर?"

"चालायचं टॉम शिकवेल, पोरी," ते म्हणाले. "हा दुसरा प्रश्न मात्र रोज स्वतःला विचारत जा."

काठी आता माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आहे. तळं कडेनं बर्फ धरू लागलंय आणि पहाटे करकरतं. मी उठून बसते. उत्तर काठावरची मुलं याच बर्फावरून चर्चला जाणार आहेत.

आजही कॅरिग तळ्यावरची वाट वाकडीच असते. यंदाची अजून मांडायची आहे.