चिंचोके आणि दोन फायली

“तोंडातून शब्द फुटत नाही हिच्या, आणि म्हणे वकील व्हायचंय.”

एकदा एका नव्या सुनेने हे वाक्य स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हातात रिकामी कपबशी धरून ऐकले. सासूबाई ते आत्याबाईंना सांगत होत्या. स्वरात राग नव्हता, काळजीच होती, आणि म्हणूनच ते अधिक लागले. ती सून मी. लग्नाला तीन महिने झाले होते, कायद्याचे शेवटचे वर्ष उरले होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका कायदा मदत केंद्रात सहा आठवडे शिकायला जायचे होते. मी कपबशी तशीच परत नेली आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले.

कोर्टामागच्या एका खोलीत केंद्र चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या. चाळीस वर्षांत त्यांनी मुलांखेरीज कुणाचे वकीलपत्र घेतले नव्हते. दृष्टांतात माणसांना नावे नसतात. आमच्या कामात मुलांना नसतात, ती उघड करायची नाहीत असा कायदाच आहे. म्हणून इथे नुसती एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. आईवडील गेलेले, मुक्काम बालगृहात. तिला काकांकडे सोपवायचे की आजीकडे, हे बालकल्याण समिती ठरवणार होती, आणि मुलगी तर बोलत नव्हती.

माझ्याबरोबर आणखी एक विद्यार्थी होता. वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेला, पण मनाने चांगला. मुलीला सुनावणीसाठी तयार करण्याचे काम बाईंनी आधी त्याला दिले. त्याने चार दिवस खपून तिला बोलते केले. समितीच्या अध्यक्षबाईंनी मायेने विचारले, बाळ, तुला कुठे राहायचंय? मुलगी ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “माझ्या सर्वोत्तम हिताचा विचार करता मला काकांकडे राहावयाचे आहे.”

कुणी हसले नाही, हे समितीचे मोठेपण. अध्यक्षबाईंनी फाईल मिटली, पढवलेलं दिसतंय एवढेच म्हणाल्या, आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली. त्या दिवशी निर्णय होणारच होता. मुलगी बोलली नाही, तर तिच्या शब्दावाचून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावले. टेबलावर घरून आणलेली दोन किलो चिंच होती, टरफलांसकट. माझी वही आणि पेन त्यांनी आपल्या खणात टाकले आणि खणाला किल्ली लावली.

“रोज दुपारी तिला बालगृहातून इथे आणतील. तिच्याजवळ बसून ही फोडायची. प्रश्न एकही विचारायचा नाही. पाणी हवं का, एवढाही नाही. पाणी नेऊन ठेवायचं.”

मला ती शिक्षाच वाटली. न बोलणाऱ्या सुनेला स्वयंपाकघराचे काम मिळते हे ठाऊक होते. कोर्टामागच्या खोलीतही तेच मिळेल असे वाटले नव्हते. तो वक्ता येता-जाता म्हणे, “वहिनी, आमटीला पुरेल ना एवढी?” मी हसून टरफले काढत राही.

पहिले दोन दिवस मुलीने नुसते माझ्या हातांकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातली चिंच काढून घेतली, कारण मी शिरा नीट काढत नव्हते. तिला ते काम माझ्याहून चांगले येत होते. चिंचोके ती बाजूला काढी, त्यांतले मोठे निवडी आणि फ्रॉकच्या खिशात टाकी. कुणासाठी, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला. तो मी गिळला आणि माझ्यापुढचे मोठे चिंचोके तिच्याकडे सरकवले.

आणखी दोन दिवस असेच गेले. मग वर न बघता ती म्हणाली, “छोटे नकोत. छोटे तो नाकात घालतो.”

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अडीच वर्षांचा. आजारी होता म्हणून त्याला दुसऱ्या गावच्या शिशुगृहात नेले होते. त्याची फाईल वेगळी होती आणि ती दत्तक देण्याच्या वाटेला लागली होती. दोन फायली, एकच आडनाव. पण एकत्र कुणी वाचल्या नव्हत्या. आम्हीही नाही.

“सगळे विचारतात, काका का आजी,” ती म्हणाली. “त्यात तो कुठे होता?”

मी उठले ती थेट बाईंकडे गेले. त्या दिवशी त्यांनी मला पेन परत दिले, आणि दुसरी फाईलही त्याच तारखेला समितीपुढे यावी, असा अर्ज मी लिहिला.

तारखेच्या दिवशी मुलगी खिशात हात घालून समितीपुढे उभी राहिली. “माझा भाऊ जिथे असेल तिथे मला ठेवा,” ती म्हणाली. “त्याला मोठेच चिंचोके द्यायचे असतात. ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही.” मागे उभी असलेली आजी पुढे आली आणि तिने दोघांनाही मागितले. दोघांना मागितलं तर एकही मिळणार नाही असे तिला कुणीतरी सांगितले होते, म्हणून ती बिचारी गप्प होती. अध्यक्षबाईंनी दत्तकाचा कागद थांबवला आणि दोन्ही फायली एकाच दोरीने बांधायला सांगितल्या. मी तिथे एक अक्षर बोलले नव्हते, तरी साऱ्या खटल्याचा युक्तिवाद मीच केल्यासारखा माझा ऊर भरून आला.

बाहेर व्हरांड्यात वक्त्याने बाईंना विचारले, माझं काय चुकलं?

बाई म्हणाल्या, “तू तिला आपली जीभ उसनी दिलीस. देणारा उदार असला तरी उसनी जीभ ऐकणाऱ्याला ओळखू येते. आपण विचारतो तेव्हा उत्तराला दोनच दारं ठेवतो. मूल तिसऱ्यापाशी उभं असतं, आणि आपण त्याला मुकं म्हणतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हिला बसवलं, कारण ही नव्या घरात आली आहे. चहा घेणार की कॉफी हे विचारतात, आणि तुला काय वाटतं हे राहूनच जातं, हे हिला ताजं माहीत आहे.” दुसऱ्या दिवसापासून वक्ताही चिंच फोडायला बसू लागला.

शेवटच्या दिवशी बाईंनी चिंचेचा एक गोळा माझ्या डब्यात घातला. घरी सासूबाईंनी तो दाबून पाहिला, आत्याबाईंपुढे धरला. एक चिंचोका नाही, एक शीर नाही, कुणी गं फोडली, त्यांनी विचारले.

“माझ्या अशिलाने, आई,” मी म्हणाले. “नऊ वर्षांची आहे. आणि आत्याबाई, माझ्या तोंडातून शब्द फुटतो. आधी समोरच्याचा फुटू देते, एवढंच.”