बाकावरची जागा

"पण हे पॅलेडियम माझं ऐकत का नाही, सर?"

तुषार बोंद्रेचा आवाज चढला होता. अख्ख्या प्रयोगशाळेत आपल्याइतका हुशार कुणी नाही असं त्याला वाटे, आणि खरं सांगायचं तर ते फारसं खोटंही नव्हतं. पण सध्या एका रेणूनं त्याच्या नाकी नऊ आणले होते.

रेणूला दोन टोकं. एकावर क्लोरीन, दुसऱ्यावर ट्रायफ्लेट नावाचा गट. क्लोरीन काढून तिथं नवा तुकडा जोडायचा होता. जोडणी घडवणारं उत्प्रेरक पॅलेडियम मात्र दर वेळी ट्रायफ्लेटच उचकटून मोकळं होई.

"तू काय केलंस?" मुजावर सरांनी विचारलं.

"आच वाढवली. पॅलेडियम वाढवलं."

"मग?"

"जोडणी लवकर झाली..." तुषार अडखळला. "चुकीच्याच टोकाला."

सर हसले नाहीत. मूळ पदार्थ आता चिमूटभर उरला होता. तो बनवण्यात तुषारचं वर्ष गेलं होतं, आणि तो संपला की प्रबंधही गुंडाळावा लागणार होता.

"पॅलेडियमच्या सोबतीला कोण आहे रे?"

"फॉस्फीनचे रेणू. पण ते नुसते चिकटून बसतात, सर. काम पॅलेडियमच करतं."

सर खिडकीकडे वळले.

खिडकीखालच्या आखूड बाकावर तुषार आणि त्याचा मित्र दिगू बसले होते. दोघंही पाप्याची पितरं.

"दिगू, ऊठ जरा."

दिगू उठला. अंगानं भरभक्कम सर त्याच्या जागी असे टेकले, की तुषार दुसऱ्या टोकावरून थेट फरशीवर आला. दिगूला हसू आवरेना. तुषारचे कान लाल झाले.

"बारके दोन मावतात," सर म्हणाले. "जाडा एकटाच."

तुषार फरशीवरच बसून राहिला...

मग त्याचे डोळे चमकले. त्याच्या पॅलेडियमलाही दोन दोन फॉस्फीन बिलगून बसले होते! एकच लठ्ठ फॉस्फीन बसवला, तर दुसऱ्याला शिरायला जागा उरणार नाही. मग एका अंगानं मोकळं झालेलं पॅलेडियम क्लोरीनकडे वळेल.

उरलेली चिमूट त्यानं त्याच दिवशी पणाला लावली. या वेळी आच नाही, जास्तीचं पॅलेडियम नाही. फक्त लठ्ठ फॉस्फीन, तोही मोजून मापून.

दुसऱ्या दिवशी वर्णपटाचा कागद फडकवत तो जिन्यातूनच ओरडत आला.

"क्लोरीन गेलं! ट्रायफ्लेट जागच्या जागी! जमलं, सर, जमलं!"

दिगूनं त्याला मिठीच मारली. तुषार हसत होता आणि डोळेही पुसत होता. इतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

सर त्याच बाकावर बसले होते. तुषार त्यांच्यापुढे वाकला. आजवर कुणाला न विचारलेला प्रश्न त्याच्या तोंडून निघाला.

"आता पुढं काय करू, सर? तुम्ही सांगाल तसं."

सर उठले. बाक करकरला.

"जाडा उठला बघ," ते म्हणाले. "आता तू बस."