चिंचोक्यांचे ढीग

“एका शिक्षकावर शाळा चालते की नाही? एवढंच सांगा, गुरुजी.”

विश्राम धनावडे पायरीवरूनच बोलले. बूट अजून पायात होते.

गुरुजींनी मान वर केली नाही. ते भैरोबाच्या देवळाच्या ओसरीत मांडी घालून बसले होते. समोर एक म्हातारा बसला होता. दोघांच्या मधे फरशीवर खडूने भला मोठा ‘म’ काढलेला, आणि म्हातारा त्या रेघेवर एकेक चिंचोका मांडत होता.

“बूट काढ,” गुरुजी म्हणाले. “थांब, येतोच तुझ्याकडे.”

धनावडे तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. त्यांना ‘थांब’ म्हणणारं तालुक्यात आता कुणी उरलं नव्हतं. पण गुरुजींची गोष्ट वेगळी. त्यांनी धनावड्यांना पहिलीपासून चौथीपर्यंत शिकवलं होतं, ह्याच धारेवाडीत, एका खोलीत चारही वर्ग बसवून. नोकरी संपल्यावर गुरुजी ह्या ओसरीत येऊन राहिले, आणि लोक त्यांच्याकडे भांडणं, सोयरिकी, मनात खुपणारं काहीबाही घेऊन येऊ लागले. गुरुजी उत्तर क्वचितच देत. तरी लोक येत. लोकांचं काय सांगावं!

धनावड्यांनी बूट काढले आणि खांबाला टेकून बसले. बसल्या जागी त्यांचा पाय हलत होता.

त्यांना कालपासून अन्न गोड लागत नव्हतं. वरून सांगणं आलं होतं की पैसा नाही, जिथं पोरं कमी तिथला दुसरा शिक्षक कमी करा आणि आज संध्याकाळच्या आत शाळेचं नाव कळवा. धारेवाडीत पोरं कमीच होती. आणि दुसरा शिक्षक म्हणजे रेश्माबाई, कंत्राटावरची तरुण मुलगी. पहिली-दुसरी तिच्याकडे होती. गावात खोली घेऊन ती आजारी आईला इथं घेऊन आली होती. उद्यापासून त्या दोघींनी कुठं जावं, हे वरून कुणी सांगितलं नव्हतं.

“गाव ऐकत नाही, गुरुजी. उद्या शाळेला कुलूप ठोकतो म्हणतात. तुम्ही एक शब्द टाकलात तर ऐकतील.”

“कसला शब्द?”

“की चालतं. एका शिक्षकावर चालतं. तुम्ही जन्मभर चालवलीच की!”

गुरुजी म्हाताऱ्याच्या बोटाकडे बघत होते. “इथं गाठ येते,” ते म्हणाले.

“हितं व्हय…” म्हाताऱ्याने दोन चिंचोके उचलले आणि पुन्हा लावले.

“गुरुजी, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकतोय.”

गुरुजींनी शेजारच्या पिशवीत हात घातला. मूठभर, मग आणखी मूठभर चिंचोके काढून त्यांनी धनावड्यांच्या पुढ्यात ओतले.

“तोवर दहादहाचे ढीग कर.”

“मी?”

“तूच. रिकामा बसू नकोस.”

अख्ख्या तालुक्याच्या शाळा तपासणारा माणूस, आणि पुढ्यात चिंचोके! धनावडे रागाने काहीतरी बोलणार होते. पण गुरुजींचा शब्द पडला की हात आपोआप चालू लागतात, ही सवय पन्नाशी उलटली तरी जात नाही. त्यांनी ढीग करायला घेतले.

म्हातारा त्यांच्याकडे बघून हसला. तोंडात दात थोडेच होते.

“मला बी तेच करायला लावत्यात,” तो म्हणाला. मग जरा पुढे सरकला. “सायेब, तुमचं घाईचं काम दिसतंय. पर माझं बी घाईचंच हाय. रागावू नका.”

“तुमची कसली घाई, बाबा?”

“नात पहिलीला हाय माझी. तिची बाई जाणार म्हंत्यात. आत्ता कुठं पोर बोलाया लागलीया शाळंत. बाई गेल्यावर मोठे सर चौथीकडं बघणार का हिच्याकडं? तिचा बाप पुण्याला, आई कामावर. म्हनून म्हनलं, आपुनच आदी जरा शिकून ठिवावं… घरी तिला कुणीतरी इचारायला पायजे का नको?”

धनावड्यांचा हात ढिगावर थांबला.

“ह्या वयात…” ते म्हणाले.

“व्हतंय हळूहळू. पर ह्यो ‘म’ लई वंगाळ हाय बगा.”

फोन वाजला. धनावडे दचकून उठले, गुडघ्याचा धक्का लागून ढीग पसरले. ते ओसरीच्या टोकाला गेले.

“हो साहेब… नाही साहेब, विसरलो नाही… संध्याकाळच्या आत, हो… नाही, गावाचं मी बघतो. हो, हो.”

परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. त्यांनी तो बाहीने पुसला, खाली बसले आणि पसरलेले चिंचोके गोळा करून पुन्हा ढीग लावले.

“झाले,” ते म्हणाले.

“मोड. पुन्हा कर.”

“गुरुजी, हे तर तुम्ही आम्हाला रोज करायला लावायचात!”

“हो.”

“आम्ही करत बसायचो, आणि तुम्ही…”

“तिसरीपाशी असायचो. नाहीतर चौथीपाशी.”

गुरुजी पुन्हा म्हाताऱ्याच्या ‘म’कडे वळले.

म्हाताऱ्याचा ‘म’ पुरा झाला. गुरुजींनी त्यावरून बोट फिरवलं, म्हाताऱ्याने फिरवलं, मग त्याने चिंचोके ओंजळीत भरून पिशवीत टाकले आणि काठी घेतली. म्हशी परतायची वेळ झाली होती.

“येतो, गुरुजी. येतो, सायेब.”

जाताना तो पायरीवर थांबला. धनावड्यांच्या तोंडाकडे त्याने जरा जास्तच वेळ पाहिलं. मग देवळामागच्या चढाने तो वरच्या धनगरवाड्याकडे निघाला.

तो लांब गेल्यावर धनावड्यांना जरा मोकळं वाटलं. आवाजात जोर आला.

“मी खोटं बोलत नाही, गुरुजी. मला त्या रेश्माबाईचं वाईट वाटतं. बायकोलाही म्हटलं मी, जीव तुटतो. पण एक शिक्षक असला म्हणून पोरं वाया जातात, हे मला पटत नाही. माझ्याकडेच बघा ना! ह्याच शाळेतून गेलो मी. तुम्ही एकटे होतात. बिघडलं कुणाचं? आमचा वर्ग सगळा पुढं गेला.”

“सगळा?”

“सगळा.”

“मांड बघू.”

धनावड्यांना बरंच वाटलं. ही परीक्षा त्यांना येत होती. त्यांनी ढिगातून एक चिंचोका उचलून फरशीवर ठेवला.

“हा मी.” दुसरा ठेवला. “हा जगन्नाथ. तलाठी झाला. हा पोपट, फौजदार. ही सुमन… सुमन बँकेत आहे. बघा. एकूण एक.”

चार चिंचोके ओळीत लागले. धनावडे हात झाडून सरळ बसले.

गुरुजी ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक चिंचोका काढला आणि ओळीपासून थोडा बाजूला, एकटाच, ठेवला.

“हा कोण?”

“तू सांग.”

“आम्ही चौघंच होतो, गुरुजी.”

“खिडकीपाशी बसायचा.”

धनावडे आठवू लागले. खिडकी आठवली. तिचा मोडका गज आठवला, त्यातून आत येणारी शेळी आठवली. शेळीला हाकलणारं कुणीतरी होतं. तेल न लावलेले केस होते, मोठा सदरा होता… चेहरा काही येईना.

“शेळी आत आली की तोच उठायचा,” गुरुजी म्हणाले.

“कोंडू!” धनावडे एकदम म्हणाले. “कोंडू कोकरे. हो हो. खरंच की! पण तो काय शिकला नाही, गुरुजी. म्हशींमागे गेला तो. कुठं असतो आता?”

गुरुजींनी चढाकडे पाहिलं.

धनावड्यांनीही पाहिलं. वर वळणावर काठी टेकत कुणीतरी चाललं होतं. मधेच थांबून तो माणूस बोटाने हवेत काहीतरी काढत होता. गाठ चुकली असावी, कारण त्याने पुन्हा पहिल्यापासून काढलं.

“तो…? पण तो तर म्हातारा…”

“तुझ्याच वयाचा आहे.”

मघाशी आपण त्याला ‘बाबा’ म्हणालो, आणि त्याने आपल्याला ओळखलं होतं, हे दोन्ही धनावड्यांना एकदमच कळलं. त्यांना फार लाज वाटली.

“तो मधेच शाळा सोडून गेला ना, गुरुजी?” त्यांनी घाईने विचारलं. उत्तर ‘हो’ यावं म्हणून ते गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते.

“दोन वर्षं येत होता. एक दिवस चुकवला नाही.”

“मग?”

“ढीग करायचा. तुझ्यापेक्षा नीट करायचा.”

खाली, शाळा सुटल्याचा गलका झाला. पहिलीची पोरं नेहमीसारखी सगळ्यात आधी बाहेर पळाली, आणि त्यांच्यामागे रेश्माबाईंचा आवाज आला, एकेकाचं नाव घेऊन हळू जायला सांगणारा.

धनावड्यांचा फोन पुन्हा वाजला. पडद्यावर साहेबांचं नाव होतं.

“गुरुजी… काय सांगू मी त्यांना?”

फोन वाजून वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजू लागला.

गुरुजींनी तो बाजूचा चिंचोका उचलला, धनावड्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची मूठ मिटली.

“त्यालाही मी म्हटलं होतं… थांब, येतोच तुझ्याकडे.”