धाकटी रायफल

"सगळ्यात जोरकस कंची, तेवढं सांगा बाबा. बाकीचं माझं मी बघतो."

सर्जेराव खोराटेनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघताच थोरल्या रायफलीकडं हात नेला.

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. पिराच्या कट्ट्यावर बसून ते धाकट्या रायफलीच्या नळीतून तेलाची चिंधी ओढत होते.

एके काळी संस्थानच्या शिकारखान्यात बाबांचा शब्द शेवटचा असायचा. संस्थान गेलं. बाबांनी बंदूक खाली ठेवली, कफनी अंगात घातली आणि घाटमाथ्यावर पिराची दिवाबत्ती करत राहिले. तरी आसपासच्या गावांत कुणाला बंदूक घ्यायची झाली, की आधी बाबांकडं यायचं आणि मग सौद्याला बसायचं, अशी रीतच पडली होती.

सर्जेराव आला होता तो आपल्या गावाच्या, धामणदऱ्याच्या वतीनं. भुईमूग शेंगेला आला की रानडुकरं वावरंच्या वावरं उलटीपालटी करायची. मागल्या साली गावानं बाहेरचा एक हौशी शिकारी बोलावला. त्यानं डुक्कर नुसतं जखमी केलं. ते हाका घालून जनावर उठवणाऱ्या माणसांवर उलटलं आणि सर्जेरावच्या थोरल्या भावाची, म्हादबाची, मांडी फाडून गेलं. म्हादबा जगला, पण पाय कायमचा लंगडा झाला.

तेव्हा गावानं ठरवलं की आता बंदूकही आपली आणि नेमही आपल्याच माणसाचा. घराघरातून वर्गणी निघाली, परवाना सर्जेरावच्या नावावर झाला. पण म्हाताऱ्यांनी बजावूनही ठेवलं होतं. पुन्हा एक जरी डुक्कर जखमी होऊन उलटलं, तरी हाक्याला कुणी येणार नाही. मग भुईमूग पेरायचा तो डुकरांसाठीच.

सर्जेरावला याची काही धास्ती नव्हती. जत्रेत फुगे फोडून त्यानं एकदा आरसा आणि एकदा कंगवा जिंकला होता. तेव्हापासून गडी जमिनीवर नव्हता.

विकायला काढलेल्या दोन्ही रायफली इनामदारांच्या होत्या. पारखायला म्हणून त्या बाबांकडं आणून ठेवल्या होत्या. थोरली दोन नळ्यांची, चारशे पन्नास बोअरची, दस्त्यावर चांदीची वेलबुट्टी. ती हत्ती लोळवते असं इनामदार सांगायचे, पण लोळलेला हत्ती कुणी पाहिला नव्हता. धाकटी एका नळीची, तीनशे पंधरा बोअरची. तिचा दस्ता हाताळून हाताळून पांढरा पडला होता.

थोरली घेतली तर वर्गणी तिच्यातच संपत होती. धाकटी घेतली तर बरीच उरत होती.

"मारायचं काय काय हाय?" बाबांनी विचारलं.

"ससा, भेकर, डुक्कर… उद्या गवा आला तरी हटाय नको. ऐपत एकाच बंदुकीची हाय बाबा. मग सगळ्याला पुरंल अशीच घ्यावी."

"बोलणं रास्त हाय," बाबा म्हणाले. "घे थोरली. बार कर."

सर्जेराव खूश झाला. बाबांनी पाठ फिरवून दोन्ही नळ्या भरल्या. समोरच्या बांधावर चुना फासलेला भोपळा ठेवला, आणि सर्जेरावच्या बाजूला येऊन उभे राहिले.

पहिल्या बारानं दरी हादरली. झाडावरचे कावळे उठले. भोपळा मात्र होता तिथंच होता. सर्जेरावच्या खांद्यात कळ गेली, पण ती त्यानं तोंडावर दिसू दिली नाही. दस्ता जरा लांब पडतोय, म्हणाला.

बाबा म्हणाले, दुसरी नळी आहे अजून, घाई करू नको.

त्यानं पाय रोवले. श्वास धरला. चाप ओढला.

खट्.

बार उडालाच नाही. पण नळीचं तोंड हातभर खाली गेलं होतं, खांदा मागं सरला होता आणि सर्जेरावचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

बाबांनी रायफल त्याच्या हातातून घेतली, नळी बिजागरीवर मोडून उघडली आणि आतलं काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. ते आधीच कधीतरी उडालेलं, रिकामं काडतूस होतं.

"आवाज न्हाई, धक्का न्हाई," बाबा म्हणाले. "मग दचकलास कुणाला?"



सर्जेरावला म्हादबाची मांडी आठवली. त्या हौशी शिकाऱ्याला गावानं वर्षभर शिव्या घातल्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त त्यानंच. आता त्या सगळ्या आपल्याच नावानं ऐकू येतायत असं त्याला वाटलं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून रागही आला.

धाकटीनं डुक्कर पडेल तरी का, असं त्यानं जरा तिरसटपणे विचारलं. बाबांनी शांतपणे सांगितलं, की जागेवर लागली तर धाकटी पुरते, आणि आडजागी लागली तर थोरलीही पुरत नाही. शिवाय थोरलीची काडतुसं विलायतेहून यायची, ती आता येत नाहीत. इनामदारांकडं उरलीत ती मूठभर. धाकटीची कोल्हापुरात परवाना दाखवला की मिळतात.

"मूठभर काडतुसांवर बंदूक मिरवाय येती," बाबा म्हणाले. "शिकाय येत न्हाई."

"आनि गवा आला तर?"

"गव्याला वाट द्यायची."

सर्जेराव धाकटी घेऊन गावात आला, तेव्हा पारावर नुसती कुजबुज झाली. नवरी बघायला गेला आणि करवली घेऊन आला, असं कुणीतरी म्हणालंच. सर्जेरावनं ते ऐकलं आणि गिळलं. उरलेल्या वर्गणीची त्यानं काडतुसं आणली.

मग रोज दुपार कलली की घाट चढायचा. बाबा खऱ्या काडतुसांत उडालेली रिकामी मिसळून द्यायचे. रायफल भरायचे स्वतः, आणि आत काय आहे ते सांगायचे नाहीत. नळीच्या टोकावर एक चिंचोका ठेवायचे. खट् झालं आणि चिंचोका पडला, की काही न बोलता उचलून पुन्हा ठेवायचे.

चिंचोका पडायचा. पुन्हा पुन्हा पडायचा. सर्जेराव चिडायचा, हा काय पोरखेळ लावलाय म्हणून पुटपुटायचा. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

भुईमूग भरत आला होता. गावातून रोज निरोप यायचा, की डुकरं परवा या वावरात होती, काल त्या वावरात होती.

एक दिवस खट् झालं आणि चिंचोका हललाच नाही. पुढचं काडतूस खरं निघालं. बार झाला आणि बांधावरचा भोपळा फुटला. सर्जेराव शाबासकीच्या आशेनं वळला. बाबांनी चिंचोका पुसून कफनीच्या खिशात टाकला.

"हाका घाला म्हनावं," एवढंच म्हणाले.

हाक्याला झाडून सगळं गाव आलं. डबे, ताशे, काठ्या घेऊन माणसं करवंदीच्या रानात पसरली. म्हादबाला घरी बसायला सांगितलं होतं, तरी तो डोईला लाल फेटा बांधून, लंगडत आलाच. रानातून निसटायला एकच वाट होती, दोन टेकाडांमधली अरुंद बारी. तिच्या तोंडाशी सर्जेराव बसला. बाबा त्याच्या मागं, दगडाला टेकून.

ओरडा जवळ आला. जाळी फाटली आणि डुक्कर बाहेर पडलं. काळंभोर, म्हशीच्या रेडकाएवढं. येऊन उभं राहिलं ते पुरतं आडवं. खांदा समोर होता, अंतर बेताचं होतं. याहून सोपी शिकार कुणाच्या नशिबात येत नाही.

सर्जेरावचं बोट चापावर गेलं.

डुकराच्या मागच्या जाळीत काहीतरी लाल हललं…

म्हादबा. लंगडत मागं राहिला होता आणि सगळ्यांना गाठायला रानातून आडवा आला होता.

बोट थांबलं. नळी हलली नाही, डोळाही मिटला नाही.

"मार की," टेकाडावरून कुणीतरी ओरडलं. "गेलं, गेलं."

डुकरानं आवाजाकडं तोंड केलं, माणसं बघितली, आणि वळून थेट बारीकडं सुटलं. सर्जेरावकडंच. आता डुकराच्या मागं नुसता मातीचा दरडा होता. दात दिसले. खुरांखालची माती उडताना दिसली. सर्जेरावला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण हात भीतीच्या ताब्यात गेले नाहीत.

चाप ओढला गेला. एकच बार झाला.

डुक्कर गुडघ्यांवर आलं, घसरत घसरत त्याच्या पावलांपुढं येऊन थांबलं आणि पुन्हा हललं नाही.

मग काय विचारता. ताशे कडाडले. लोकांनी सर्जेरावला खांद्यावर घेतलं, त्याच्यावर गुलाल उधळला, बायका ओवाळायला वेशीपर्यंत आल्या. आपण पहिल्यापासून धाकटीच घे म्हणत होतो, असं पारावरचा जो तो सांगू लागला. सगळ्यांच्या पुढं म्हादबा नाचत होता, एका पायावर जोर देऊन, फेटा सुटेपर्यंत. सर्जेराव इतका आनंदात होता की त्याला हसावं की रडावं कळेना, आणि त्यानं दोन्ही केलं.

डुकराचा वाटा बाबांना चालायचा नाही. म्हणून गाव गूळ, भाकरी आणि तूप घेऊन मलिदा करायला पिराच्या कट्ट्यावर चढलं. सर्जेरावनं रायफल बाबांपुढं ठेवली आणि पाया पडला.

लोक चेष्टा करत होते. पहिल्या खेपेला डुक्कर आडवं उभं होतं तेव्हा हात गारठला होता काय रे, म्हणून विचारत होते. सर्जेराव नुसता हसत होता. म्हादबाही हसत होता, खरं कारण त्यालाही ठाऊक नव्हतं.

"बाबा," सर्जेराव म्हणाला, "एकाच बारात काम झालं. आता तरी म्हना, बंदूक बरुबर निवडली."

बाबांनी त्याच्याकडं बघितलं. मग पलीकडं, फेटा पुन्हा बांधत असलेल्या म्हादबाकडं बघितलं…

"एक न्हाई लेका, दोन," बाबा म्हणाले. "आनि तू केलाच न्हाईस, त्यो बार जास्त नेमका बसला."