उन्हात धरलेली गोधडी

सांगा पाहू, दोन जुन्या लुगड्यांत अकरा माणसं झाकता येतील का?

शेवंताला वाटत होतं, येतील.

घाटाच्या पायथ्याशी भागामाईंची मठी होती. ऊसतोडीला निघालेल्या एका टोळीच्या गाडीचा आस मोडला, म्हणून टोळी पाच दिवस मठीच्या पडवीत अडकून पडली होती. पौषातली थंडी आणि पांघरायला पोती. लेकरासकट अकरा जण, त्यांत एक होती पुतळा, वीस दिवसांची बाळंतीण. तिचं लेकरू गारठ्यानं रडून रडून निळं पडायचं.

शेवंता वर्षभरापासून माईंची शिष्या. तिचा हात शिवणात चांगला होता, आणि ते तिला ठाऊकही होतं. पहिल्याच दिवशी तिनं टोळीला सांगून टाकलं, "एकच गोधडी शिवते. सगळे तिच्याखाली मावाल."

मठीत कापड तेवढंच, दोन विरलेली लुगडी. ती तिनं कडेला कड लावून जोडली, चारी बाजूंनी बारीक टाके घातले. पाचव्या दिवशी दुपारी ते भलंमोठं पांघरूण घेऊन ती माईंपुढे उभी राहिली.

"माई, बघा तरी. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरतं."

"पुरतं खरं," माई म्हणाल्या. "ये, उन्हात धरू."

एक कड माईंनी धरली, एक शेवंतानं.

"पलीकडे काय दिसतं गं?"

"डोंगर दिसतो, माई."

"थंडीलाही अशीच माणसं दिसत असतील."



माईंनी आपली कड आणून तिच्या हातातल्या कडेवर ठेवली. घडी पडली.

"आता?"

"दिसतो अजून... अंधुक."

दुसरी घडी. मग तिसरी.

"आता नाही दिसत."

"हात घाल आत."

शेवंतानं घडीत हात घातला. आत ऊब होती. पण पांघरूण आता एका बाईपुरतंच उरलं होतं. एक बाई, आणि तिच्या कुशीतलं लेकरू.

तिचे डोळे भरून आले. "मी अकरा जणांना शब्द दिलाय, माई."

"मग तोही उसव."

"ते काय म्हणतील?"

"मला काय ठाऊक? विचारून ये."

शेवंता जड पावलांनी पडवीकडे गेली. टोळीतले सर्वांत थोरले गेनूबाबा बैलांना वैरण टाकत होते. तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं.

गेनूबाबा हसायलाच लागले. "अहो ताई, आमची हाडं मुरलेली. पाच दिवस तेच सांगतोय, त्या पोराचं बघा, त्या पोराचं बघा! पण तुमचं आपलं मापच चाललेलं. माझ्यासुद्धा पाठीला दोरी लावून गेलात."

पुतळाही पदराआड हसली. मग लेकराकडे बघून तिचं हसू थांबलं.

शेवंता धावतच परत आली. बारीक टाके तिनं भराभर उसवले. घड्या बसवल्या आणि मोठमोठ्या टाक्यांनी शिवायला बसली. समोरच्या बाजूनं माईही शिवू लागल्या. दोघींच्या मधली जागा हळूहळू भरत आली. उन्हं डोंगराकडे कलली.

"माई..."

"हं."

"नऊ जण उघडेच राहिले. पाच दिवस शिवतेय, आणि माझ्या हातून झालं ते एवढंच. किती थोडं!"

माईंनी सुई उजेडाकडे धरली. दोरा दोनदा चुकला... तिसऱ्यांदा ओवला गेला.

"आधी पुरं कर, पोरी. मग थोडं म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या, तेव्हा पुतळाच्या कुशीतलं लेकरू एक पाय गोधडीबाहेर काढून गाढ झोपलं होतं. शेवंतानं तो पाय हातात घेऊन पाहिला. कोमट होता.