दिवेलागणीची फी

एका गावात दामूशेठ नावाचा वाणी होता. माणूस देवभोळा आणि नेमाचा पक्का. दुकानात दिवा लागला की त्याच्या हातून छदामही बाहेर जात नसे. गिऱ्हाइकाचे उरलेले सुट्टे पैसेसुद्धा तो सकाळीच परत करी. तिन्हीसांजेला लक्ष्मी घराबाहेर घालवू नये असे आमची आई सांगायची, एवढेच त्याचे उत्तर. गाव त्याला हसे, पण त्याच्या सचोटीवर विश्वासही ठेवी.

पुढे तालुक्याच्या शाळेने रोख फी घेणे बंद केले. फी ऑनलाइनच भरायची. ज्यांच्याकडे तसा फोन नव्हता, ते दामूशेठकडे रोख आणून देत आणि तो आपल्या फोनवरून त्यांच्या पोरांची फी भरी. त्याबद्दल त्याने कुणाचा चहासुद्धा घेतला नाही.

एका संध्याकाळी त्याने नुकताच दिवा लावून हात जोडले होते, तोच शेवंता धापा टाकत आली. पापड लाटून घर चालवणारी बाई. तिच्या मुलीचा अकरावीला नंबर लागला होता आणि फीची मुदत त्याच रात्री संपत होती. फी भरली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

दामूशेठच्या अगदी जिवावर आले. रोख घ्यायला हरकत नव्हती, पण फोनमधून जाणार तीही लक्ष्मीच. दिवसभर काय झोपली होतीस का, असे तो जरा चिडूनच म्हणाला.

शेवंताने मान खाली घातली. "मालक घरात होते, अण्णा. त्यांच्यादेखत पैशांच्या डब्याला हात लावला असता, तर पैसे दारूच्या गुत्त्यावर गेले असते. ते बाहेर पडले, तशी पळत आले."

दामूशेठला आपले लहानपणीचे घर आठवले. त्याचे वडीलही दिवेलागणीला असेच दारूसाठी पैसे मागत. आई दिव्यासमोर ठाण मांडून बसे आणि म्हणे, आता लक्ष्मी बाहेर जायची नाही. देवाच्या धाकाने वडील मुकाट्याने निघून जात. त्या वाचलेल्या पैशांतूनच दामूची फी भरली जाई. म्हणजे आईने तो नेम त्याच्याच शाळेसाठी घातला होता! जन्मभर तो नेम त्याने जिवापाड जपला आणि तो कशापायी होता, तेवढे मात्र साफ विसरला.

त्याने फोन उचलला, मुलीचे नाव शेवंताला वाचून दाखवले आणि फी भरली. पैसे जमा झाल्याचा शाळेचा मेसेज आला, तशी शेवंताने डोळ्यांना पदर लावला. माझ्यापायी तुमचा नेम मोडला, हे उपकार कसे फेडू, असे ती म्हणू लागली.

"नेम मोडला नाही, शेवंता," दामूशेठ म्हणाला, "आज पहिल्यांदा पाळला. उपकार माझ्या आईचे आहेत. ते थोडेसे फेडायची वाट तू दाखवलीस."

तात्पर्य: थोरांनी घातलेले नेम जरूर पाळावेत, पण ज्या मायेपोटी ते घातले, ती माया आधी पाळावी.